शून्य ते एकशे सत्तावीस

१

संग्रामपूरच्या पंचायत समितीत भालचंद्र टाकळकर आवक-जावक सांभाळतात. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर. बावीस वर्षं असं बसल्यावर माणूस दारातल्या कढीपत्त्यालाही नंबर देईल. टाकळकरांनी अजून दिलेला नाही, एवढंच. खाडाखोड केलेला कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. साहेबाचा असला तरी नाही. यावरून ऑफिसातले लोक त्यांना जे काही म्हणतात ते छापण्याजोगं नाही.

सकाळी सात ते साडेआठ मात्र ते मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत पेटी शिकवायची. हा खारपाणपट्टा, त्यामुळे भिंतीला कमरेपर्यंत मिठाचा पांढरा फुलोरा. भिंतीपासून हातभर पुढे ओढलेल्या चार पेट्या, आणि खिडकीशी एक कीबोर्ड, लॅपटॉपला जोडलेला.

कीबोर्ड फकीर मोहम्मद सुताराच्या महनूरसाठी होता. पोरगी बारावीत. पेटी शिकायला आली आणि दोन वर्षांत मास्तरांचा उजवा हात मागे टाकून गेली. पुण्यातलं एक संगीत महाविद्यालय गावाकडच्या एका मुलीला तीन वर्षं राहण्या-शिकण्याची सगळी सोय करून देणार होतं. एका म्हणजे एकाच. त्यासाठी आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, तीस नोव्हेंबरपर्यंत. ते पसंत पडलं तर जानेवारीत पुण्याला जाऊन त्यांच्या मोठ्या पियानोवर वाजवून दाखवायचं. नाही पडलं तर महनूरच्या मामाचा एक पाहुणा होता, मलकापूरला दुकानवाला. त्याच्याकडून दोनदा मागणीचा निरोप येऊन गेला होता. तिसऱ्यांदा तो स्वतःच येणार होता, आणि मग कोणाला काही विचारायचं राहणार नव्हतं.

"सर, मले जाचंच आहे," महनूर एकदाच म्हणाली होती. पुन्हा म्हणाली नाही.

अडचण डाव्या हाताची होती. पेटीवाल्याचा डावा हात भात्याचा. टाकळकरांच्या डाव्या हातानं चाळीस वर्षं फक्त हवा भरली होती, सूर एकही वाजवला नव्हता. जे आपल्याला येत नाही ते पोरीला काय शिकवणार? उजवा हात त्यांनी तिला सोन्यासारखा करून दिला. डाव्याचं तिनं मोबाइलवर बघून जमेल तेवढं जमवलं. ते जेमतेमच होतं.

२

इथं थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. फार नाही.

असला कीबोर्ड लॅपटॉपला आवाज पाठवत नाही, नंबर पाठवतो. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, बस. सुरांचे नंबर शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत. एवढ्या पट्ट्या कुठल्याच वाद्याला नसतात. मोठ्या पियानोला अठ्ठ्याऐंशी, एकवीस नंबरापासून एकशे आठपर्यंत. टाकळकरांच्या कीबोर्डाला एकोणपन्नास, छत्तीसपासून चौऱ्याऐंशीपर्यंत. त्याखालचं आणि त्यावरचं सगळं नंबरांच्या भाषेत आहे, पण हाताखाली नाही.

आता एकोणपन्नासवर शिकलेली पोरगी अठ्ठ्याऐंशीसमोर बसली, तर हात कुठं जाईल? म्हणून टाकळकरांनी युक्ती काढली. कीबोर्डाच्या दोन्ही बाजूंना टेबलावर कागदी पट्ट्या चिकटवायच्या. खऱ्या पट्ट्या संपल्या की हात कागदावर जायचा. आवाज नाही आला तरी चालेल, हाताला अंतर कळलं पाहिजे.

त्यासाठी लांब टेबल हवं. फकीर मोहम्मदला बोलावून त्यांनी नंबरांचा तक्ता दाखवला, शून्यापासून शेवटपर्यंत. एका पट्टीची रुंदी मोजून दिली. नंतर दीड तास या विषयावर भाषणही दिलं. अठ्ठ्याऐंशी हा आकडा त्या भाषणात कुठंतरी होता, पण तोवर फकीर मोहम्मदनं पेन्सिल कानामागे खोचली होती.

आठ दिवसांनी टेबल आलं. ते पावणेसहा फूट लांब होतं.

"अरे बाबा, हे काय आणलं?"

"तुमीच तं कागद देला, सर. शून्य ते एकशे सत्तावीस. मी पट्टी पट्टी मोजून काटलं."

"मले मोठ्या पियानोएवढं पाहिजे होतं!"

"आता मोठंच झालं ना. लहान थोडी झालं?" आणि बाहेर टेम्पोकडे हात करून, "टेबल एवढं म्हणून बाकबी तेवढाच बनवला. सागाचा आहे. दोघं-तिघं आरामात बसतीन."

प्रतिमाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. पाहुणे आले की झोपवू त्याच्यावर."

टेबल परत करायचं टाकळकरांच्या जिवावर आलं. शिवाय नंबर अर्धवट सोडायचे म्हणजे त्यांच्या पोटात दुखणार. म्हणून त्यांनी जाड ड्रॉइंग पेपर आणून अख्ख्या टेबलावर शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत सगळ्या पट्ट्या आखल्या, काळ्या शाईनं रंगवल्या, प्रत्येकीवर लाल पेनानं नंबर घातला. मधे खरा कीबोर्ड बसवला. डावीकडे वीस इंच कागद, उजवीकडे तेवीस.

काम देखणं झालं होतं. ज्या पट्ट्या जगात कोणी वाजवत नाही त्यांचीही सोय झाली होती.

३

नऊ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, पहिलं रेकॉर्डिंग केलं. महनूरनं चार मिनिटांची ठरलेली चीज वाजवली. लॅपटॉपवर नंबरांची यादी खाली खाली सरकत गेली. साठ, चौसष्ट, सदुसष्ट. टाकळकर तिच्यामागे उभे राहून यादी वाचत होते. यादी दिसली की वाचायची हा त्यांचा स्वभाव.

मधेच एक नंबर आला. दोन.

जोर, एक. म्हणजे पट्टीवर पीस पडावं तेवढा.

त्याच क्षणी स्पीकरच्या जाळीमागचा पडदा आत गेला आणि बाहेर आला. आवाज झाला नाही. इतका खालचा सूर माणसाच्या कानाला लागत नाही. जाळीवरची धूळ तेवढी उडाली.

टाकळकरांनी आधी बटण पाहिलं. कीबोर्डावर दोन बाण असतात. डावा दाबला की सगळ्या पट्ट्या एक सप्तक खाली सरकतात. तीनदा दाबला तर छत्तीसची पट्टी शून्य बोलते. पण मग सगळंच खाली सरकतं. तिचे साठ-चौसष्ट जागेवर असताना एकटाच सूर खाली कसा जाईल? शिवाय बाण दाबला की बारीक दिवा लागतो, तो लागलेला नव्हता.

"तुझा हात कुठं लागला का गं?"

"नाही, सर."

चूक एक असो की शंभर, महाविद्यालयाची अट स्पष्ट होती. एका दमात वाजवलेली फाईल जशीच्या तशी पाठवायची. एकही सूर खोडलेला किंवा घातलेला चालणार नाही. खोडला तर यंत्राला कळतं. बाण न दाबता दोन नंबरचा सूर त्या कीबोर्डातून निघतच नाही, म्हणजे तो बाहेरून घातलेला ठरणार. पत्ता कट.

"उद्या पुन्हा करू," टाकळकर म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी पाच आला. मग आठ. मग अकरा.

टाकळकरांनी वायर बदलली. लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं. टेबलाखाली वाकून पाहिलं, भिंतीतल्या बोर्डाचे स्क्रू आवळले. मिठानं तारा खाल्ल्या असतील असं स्वतःला सांगून पाहिलं; संग्रामपुरात कशाचंही खापर खाऱ्या पाण्यावर फोडता येतं, लोक मान डोलावतात. मग कीबोर्ड चालू ठेवून अर्धा तास गप्प बसले. यादी कोरी. स्वतः वाजवून पाहिलं. यादीत त्यांचेच सूर. महनूर बसली आणि मिनिटभरातच नंबर आला: चौदा.

म्हणजे दोष असा होता, की तो फक्त पोरगी वाजवते तेव्हाच होतो, दर वेळी दोन-तीन घरं वर सरकतो आणि एकदाही मागे जात नाही. बिघाडाला एवढी शिस्त नसते. ऑफिसातल्या माणसांनाही नसते.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. तो सूर बरोबर असायचा. चिजेत तिथं जो खर्ज हवा, नेमका तोच, आणि समेवर. चुकीचा असता तर बरं झालं असतं.

सोळा तारखेला त्यांनी कागद निरखून पाहिला. दोन, पाच, आठ, अकरा, चौदा. एवढ्या पट्ट्यांवरची लाल शाई फिसकटली होती. बाकीचे आकडे ताजे.

"प्रतिमा, टेबल पुसलं का तू?"

"मी त्या कागदाले हात नाही लावत. तुमचा एक नंबर पुसला तं घर डोक्यावर घेसान."

"ओल्या हातानं कोणी..."

"अहो, तिकडे ओलं करायले पाणी कुठं आहे? चार दिवसांनी नळ येऊन राह्यला."

टाकळकरांनी लाल पेन काढून ते पाच नंबर पुन्हा गिरवले. सकाळी ते जागेवर होते. फक्त सोळावर शाई पसरली होती.

५

एकवीस नंबर आला त्या दिवशी पहिल्यांदा आवाज झाला. रिकामी टाकी गच्चीवर ओढावी तसा, लांबून. एकवीस म्हणजे मोठ्या पियानोची पहिली पट्टी. आतापर्यंत ते जे काही होतं ते अशा भागात होतं जिथं कोणी वाजवत नाही. आता ते वाजवायच्या हद्दीत आलं.

जोरही वाढत होता. एक, तीन, नऊ. एकवीसला अठरा. महनूरच्या करंगळीचा जोर साधारण चाळीस.

टाकळकरांनी एक गोष्ट उशिरा पाहिली. महनूर बाकाच्या मध्यावर बसायची, हीच शिस्त त्यांनी लावली होती. साठ नंबरची पट्टी बेंबीसमोर. आता ती मध्यावर नव्हती. वीतभर उजवीकडे होती, आणि डावा हात लांब करून वाजवत होती.

"महनूर, मधे बस. किती वेळा सांगायचं?"

ती सरकली. वाजवायला लागली. टाकळकर यादीकडे वळले आणि परत पाहिलं तर पुन्हा उजवीकडे.

"अगं, काऊन सरकतेस?"

तिनं वाजवणं थांबवलं नाही. "थोडी अडचण होऊन राह्यली, सर," ती म्हणाली. बसमध्ये बसणारा माणूस म्हणतो, तसं.

कसली, हे टाकळकरांनी विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि ऑफिसला उशीर होतो म्हणाले. सव्वाआठ झाले होते.

६

अठ्ठावीस तारखेला पस्तीस आला. छत्तीस नंबरला खरी पट्टी सुरू होते. महनूरचं डावं बोट त्या दिवशी छत्तीसवर होतं. त्याच्या लगेच शेजारी, अर्ध्या इंचावर, कागदाची पट्टी किंचित दबलेली टाकळकरांनी पाहिली, की पाहिल्यासारखं वाटलं. कागद जाड होता, खाली साग होता. दबायला जागा नव्हती.

दोन दिवस उरले होते आणि पाठवण्यासारखी फाईल एकही नव्हती. त्यांनी फकीर मोहम्मदला फोन लावला.

"टेबल काटायचं आहे. डावीकडून. कीबोर्ड संपतो तिथून."

"अहो सर, चांगलं साग हाय! काऊन पण?"

"तुझ्या पोरीसाठीच सांगतो."

शनिवारी सकाळी दहाला फकीर मोहम्मद करवत घेऊन आला. खिडकीतून ऊन आत होतं, खोलीत लपण्यासारखं काही नव्हतं. त्यानं कीबोर्ड उचलून बाजूला ठेवला, छत्तीसच्या रेषेवर गुण्या लावून खूण केली आणि करवत धरली. बाक टेबलाखालून अर्धा पुढे आलेला होता. करवतीखालून भुसा पडत राहिला, टेबलावर, बाकावर, फरशीवर.

वीस इंचांचा तुकडा खाली आला. फकीर मोहम्मदनं कपाळ पुसलं, बाकाकडे पाहिलं आणि तसाच थांबला.

बाकावर डावीकडे सगळीकडे भुसा होता. एका जागी नव्हता. साधारण दीड वीत रुंद जागा, कडा गोल, स्वच्छ. तिथं जणू कोणी ताट ठेवलं होतं आणि आता उचललं होतं. फक्त कोणी उचललं नव्हतं. वरून पडणारा शेवटचा भुसा अजून हवेत होता, आणि त्या जागेवर तो उतरत नव्हता.

फकीर मोहम्मद वाकला आणि त्यानं हातानं सगळा भुसा झटकला. भराभर, चारी बाजूंनी, फरक दिसू नये असा.

"बाक पन काटू?" टाकळकरांकडे न पाहता त्यानं विचारलं.

"बाकाचे पाय दोन्ही टोकांना आहेत. एक टोक काटलं तर पडेल ना तो."

"हो. पडन."

"मग राहू दे."

"चहा टाकला आहे, फकीरभाई," प्रतिमाबाई आतून म्हणाल्या.

"नको वहिनी. उसीर झाला." करवत त्यानं पिशवीत घातलीही नाही, हातातच घेऊन गेला.

७

तीस तारखेला रेकॉर्डिंग झालं. टाकळकर लॅपटॉपसमोर बसून एकच गोष्ट पाहत होते: सगळ्यात खालचा नंबर. चार मिनिटांत तो छत्तीसच्या खाली एकदाही गेला नाही. त्यांना एवढा आनंद झाला की वाजवलं कसं हे त्यांनी ऐकलंच नाही. तिथल्या तिथं फाईल पाठवली, पोच आली, तिला त्यांनी वहीत नंबर दिला.

"सर, चांगलं झालं का?" महनूरनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता, दमली असावी.

"हद्दीत झालं," टाकळकर म्हणाले.

बारा दिवसांनी दुपारी ऑफिसात फोन आला. बाईंचा आवाज, पुण्याचा, गोड आणि टापटीप.

"टाकळकर सर ना? महनूरची फाईल आम्ही सगळ्यांनी ऐकली. अप्रतिम आहे. पहिल्या तिघींत आहे ती. एक छोटीशी दुरुस्ती हवी होती. सोबत वाजवणाऱ्याचं नाव तुम्ही अर्जात लिहिलेलं नाही."

"सोबत कोणी नाही, मॅडम."

"असं कसं? दोन मिनिटं चौदा सेकंदांना एकाच वेळी चौदा पट्ट्या दाबलेल्या आहेत. चौदा. आणि पुढेही तसंच आहे." बाई हसल्या. "दहा बोटांत ते बसत नाही हो. साथीदार चालतो आपल्या नियमात. फक्त नाव हवं. साथीदार लपवला असं ठरलं तर अर्ज बाद करावा लागेल, आणि ते खरंच वाईट होईल. आज पाचपर्यंत कळवाल? जानेवारीत दोघांनाही यावं लागेल. आणि सर, एक सांगू? निवड मुख्यतः डाव्या बाजूमुळे झाली. असा खर्ज कोणी वाजवत नाही आता. कोण आहेत हे? वयस्कर आहेत का?"

टाकळकरांनी पाचपर्यंत कळवतो म्हणून फोन ठेवला.

८

अर्धी रजा टाकून ते घरी आले. फाईल उघडली. दोन मिनिटं चौदा सेकंद. नंबर मोजले. चौदा. सूर लांबवायचं पायाचं बटण असतं तर वेगळी गोष्ट, पण ते घ्यायचं राहूनच गेलं होतं. एखादी पट्टी अडकली असेल म्हणावं, तर प्रत्येक सूर वेळेवर उठला होता. सगळे छत्तीसच्या वर. हद्दीत.

त्यांनी टेबल कापलं होतं. बसणाऱ्याला बाजूला वाजवायला काही उरलं नव्हतं. बाक मात्र होता तसाच होता.

महनूर कॉलेजातून परस्पर आली. त्यांनी यादी दाखवली, फोनचं सांगितलं. ती बाकावर बसली. उजव्या टोकाला.

"मले वाटलं तुमाले माहीत हाय, सर."

"काय माहीत आहे?"

"ते."

"केव्हापासून?"

"टेबल आलं तवापासून. पह्यले लई दूर बसे. त्या टोकाले. मंग येत गेलं." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्रास नाही देत. फक्त जागा लागते त्याले."

"तुला भीती नाही वाटत?"

महनूरनं थोडा विचार केला. "मलकापूरच्या त्या मानसाची वाटते," ती म्हणाली. "कालच येऊन गेला, सर. माह्या हाताकडे पाहून म्हने, भाकरी येते का? अब्बा काही बोलले नाही."

साडेचार वाजले. टाकळकरांसमोर मोबाइलवर अर्ज उघडा होता. साथीदाराचं नाव. वय. नातं. त्यांनी उभ्या आयुष्यात कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, पण इथं खरं काय लिहायचं? रकाना रिकामा ठेवला की पोरगी गेली. नाव विचारून लिहावं, तर उत्तर येईल की काय अशी त्यांना भीती होती. एकदा नाव कागदावर चढलं, की त्याला नंबर पडतो, जागा मिळते, बोलावणं जातं. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"सर, मी विचारू त्याले?" महनूर डावीकडे वळत म्हणाली.

"नको!"

एवढ्या मोठ्यानं ते घरात कधी बोलले नव्हते. प्रतिमाबाई हातातलं निवडणं तसंच घेऊन दाराशी आल्या. टाकळकरांनी मान खाली घालून टाइप केलं: भालचंद्र टाकळकर. वय एकावन्न. नातं, गुरू. आणि पाठवून दिलं.

"हे काय केलं, सर? तुमाले डावा हात कुठं येते?"

"शिकेन," टाकळकर म्हणाले. "महिना आहे अजून."

९

पुण्याहून रीतसर पत्र आलं. दोघांची नावं, वीस जानेवारी, सकाळी अकरा. महनूरच्या घरी ते पत्र भिंतीला लावलं गेलं, आणि अजून पक्कं काही नसताना मलकापूरच्या माणसाला फकीर मोहम्मदनं सांगितलं की पोरगी पुण्याला चालली, तीन वर्षं. त्यानं असं कोणाला काही ठणकावून सांगितल्याचं मोहल्ल्यात कोणी ऐकलं नव्हतं.

टाकळकर मात्र रोज सकाळी उभे राहायचे. बाकामागे, हात पाठीशी. आज नको, उद्या बसतो. आधी चीज नीट ऐकू दे. महनूर वाजवायची, डावी बाजू वाजायची, तिचे दोन्ही हात उजवीकडे असताना. ते डोळे मिटून ऐकायचे. मिटलेल्या डोळ्यांनी ऐकलं तर ते फार सुंदर होतं.

सहा जानेवारीला महनूर म्हणाली, "सर, चौदा दिवस राह्यले."

"हं."

"तिथं तीन-चार जनं समोर बसून पाहतीन. तुमी उभे राह्यले तं कसं व्हईन? ते म्हनतीन, हे पट्ट्या कोन दाबून राह्यलं?"

हे बरोबर होतं. टाकळकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. बाहेर कोणीतरी पाणी आलं म्हणून ओरडत गेलं. सात वाजून चाळीस मिनिटं, लख्ख ऊन, बाकावर डाव्या बाजूला काहीही नाही. सागाच्या रेषा दिसत होत्या. बिघाडाला शिस्त नसते, पण बिघाड असतोच असं त्यांनी स्वतःशी म्हटलं, आणि वळसा घालून बाकाच्या डाव्या बाजूला बसले.

बाक उबदार होता. खिडकीतलं ऊन तिथवर पोचत नव्हतं.

"सर, जरा अदबीनं बसा," महनूर हळूच म्हणाली.

त्यांनी अंग चोरलं. डावा हात उचलला. चाळीस वर्षांत ज्या हातानं एकही पट्टी दाबली नव्हती तो त्यांनी पटकन खाली नेला.

महनूरनं मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

बोटं पट्ट्यांना लागली नाहीत. पट्ट्यांच्या वर, जाड कागदाएवढ्या उंचीवर, दुसरं काहीतरी होतं, गार आणि कोरडं. त्यांच्या बोटांखाली ते किंचित हललं. वाजवताना हात कसा धरायचा हे लहान मुलाला शिकवताना त्याचे हात आपण आपल्या हातांवर ठेवून घेतो, तसं त्यानं त्यांच्या बोटांना नीट जागेवर घेतलं.

तीन.

टाकळकरांनी शेजारी पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर पुणं होतं.

त्यांनी हात काढला नाही.

चार, महनूर म्हणाली.